दाबून धरलेलं हसू

सिरिल हॅस्लम सिनेमात दिसला की पाण्यात पडणार, हे मँचेस्टरजवळच्या आमच्या बेकप गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कधी कालव्यात, कधी तळ्यात, कधी बंदरात, एकदा तर बाप्तिस्म्याच्या कुंडात. कधी तो पोलीस असे, कधी पाद्री, कधी जप्ती करायला आलेला बेलिफ; पण असे तो नेमका काठावर, आणि जो काठावर त्याला धक्का बसणार हा विनोदी सिनेमाचा नियमच आहे. पडायच्या आधी एखादं वाक्य मिळालं तर मिळालं. बेकपची माणसं तिकीट काढून आत बसायची, नायक-नायिकेकडे ढुंकूनही न बघता आपल्या सिरिलची वाट बघायची, आणि तो धप्पकन पडला की एकमेकांकडे बघून माना हलवायची. ‘बरा पडला,’ असं कुणीतरी म्हणायचं. झालं कौतुक. आमच्याकडे ‘बरा’ म्हणजे फार झालं.

दुसऱ्या दिवशी तो रस्त्यात भेटला की खाटीक दुकानातून ओरडायचा, “काय सिरिल, वाळलास का?” चर्चच्या पायरीवर म्हाताऱ्या म्हणायच्या, “पोरा, छातीला काहीतरी चोळ, सर्दी होईल.” कुणी त्याला हॅस्लम म्हणत नसे. तो ओला सिरिल.

तसा तो सपातांच्या कारखान्यातला पोरगा. बेकपच्या खोऱ्यात तेव्हा दुसरं होतं काय? डोंगर, पाऊस आणि सपाता. शाळा सुटली तशी आईने त्याला हाताला धरून शिवणखात्यात नेलं आणि नेली ॲशवर्थच्या ताब्यात दिलं. नेली तिथली मुकादम. तोंडाने फटकळ, मनाने लोणी, आणि हसली की सपाता शिवणाऱ्या सगळ्या मशिनी एकदम चालू केल्यासारखा आवाज. चेहऱ्याने सिरिल पहिल्यापासूनच लांबट. आंबट सफरचंद चावलेला घोडा दिसेल तसा. त्या चेहऱ्याने तो मॅनेजरची नक्कल करायचा आणि नेली मशीन थांबवून हसायची. मॅनेजर आला की सिरिलच्या पाठीत एक धपाटा घालायची, म्हणजे शिस्त दिसावी.

त्या हसण्याच्या जोरावर एका शनिवारी तो कामगार क्लबच्या स्टेजवर चढला. क्लबचे करमणूक चिटणीस होते हर्बर्ट ग्रिमशॉ. गायक आणायचे, जादूगार आणायचे, माणसांना गप्प बसवायचं, आणि बटाटे-खिम्याचे गरम पॅटिस आले की माईकवरून तसं जाहीर करायचं, ही त्यांची कामं. सिरिलचा दुसरा विनोद सुरू होता. एवढ्यात ग्रिमशॉ स्टेजवर आले, त्याच्या हातातला माईक अलगद काढून घेतला आणि म्हणाले, “पॅटिस आलेत.” सगळा हॉल उठला. परत आल्यावर माणसं खात होती, आणि खाताना आमची माणसं हसत नाहीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. सिरिलने बॅग भरली आणि गाव सोडलं.

मग उन्हाळ्यात समुद्रातल्या धक्क्यांवरची थिएटरं, नाताळात पोरांच्या नाटकात बाईचा झगा घालून म्हातारी व्हायचं, आणि अधूनमधून सिनेमा, म्हणजे पाणी. अशाच एका धक्क्यावर तिकीट खिडकीत म्युरियल बसायची. तिने त्याला लग्नाआधी आठवडाभर रोज बघितलं आणि एकदाही ती हसली नाही. त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, “मी हिशोब करत होते. तुझ्याकडे बघत बसले असते तर चुकला असता.” सिरिलने तिला तिथल्या तिथे मागणी घातली. पुढे दोघं बेकपलाच येऊन राहिली, कारण म्युरियलच्या मते पाण्यात पडायला जायचं तर कुठूनही जाता येतं.

वर्षं गेली. सिरिलने पन्नाशी ओलांडली. पाणी गारच राहिलं, गुडघे मात्र बदलले. लंडनचे नवे दिग्दर्शक तरणीताठी पोरं पाण्यात टाकू लागले. सपातांच्या कारखान्यात गेटावर माणूस हवा होता. खुर्ची, शेगडी, पावसापासून आडोसा. मॅनेजर स्वतः घरी येऊन गेला आणि म्हणाला, महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत सांग. सिरिलला ते गेट म्हणजे थडग्याचा दगड वाटला. पण घरात दोघांचं चालवायचं कसं, हे तोंडाने न विचारता म्युरियल रोज संध्याकाळी डोळ्यांनी विचारत होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मँचेस्टरहून बोलावणं आलं. टेलिव्हिजनवर एक नवी विनोदी मालिका काढायची होती. मुख्य माणूस होता मिस्टर ऑर्मरॉड, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाचा सुपरिंटेंडेंट. गळ्यात शिट्टी, डोक्यात नियम. हा माणूस पाण्यात कधीच उतरत नाही. सिरिलने हे वाचलं आणि कागद हातात धरून तो स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला.

“मुख्य माणूस,” तो म्हणाला. “आणि कोरडा.”

“नीट वाच,” म्युरियल म्हणाली. “शेवटच्या पानावर ढकलत असतील.”

नव्हते ढकलत. मात्र आधी नमुन्याचा एकच भाग बनवायचा होता. निर्माता फेन नावाचा, लंडनचा, गळ्यात रेशमी रुमाल बांधणारा, पण माणूस सरळ. त्याने सिरिलला स्पष्ट सांगितलं, “हे बघा हॅस्लम, आमचे वरिष्ठ हा भाग बघणार नाहीत, ऐकणार आहेत. प्रेक्षकांच्या डोक्यावर माईक टांगलेले असतात. हसू आलं तर मालिका होईल. नाही आलं तर मी तुम्हाला मनापासून धन्यवाद देईन.”

स्टुडिओत प्रेक्षक आणावे लागतात, फुकट. बहुतेक कुठल्यातरी कारखान्याची नाहीतर महिला मंडळाची बस येते. फेनने विचारलं, “तुमच्या ओळखीची माणसं आहेत का?” नेली सोडली तर गावची माणसं सिरिलच्या विनोदावर अजून एकदाही हसली नव्हती. पण नाही म्हणायच्या आत म्युरियल हो म्हणून मोकळी झाली होती. तिने क्लबात सांगितलं, ग्रिमशॉंनी बस ठरवली, आणि बुधवारी संध्याकाळी अख्खी बस भरून बेकप मँचेस्टरला आलं. बायकांनी चर्चचे कोट घातले होते. पुरुषांनी दाढ्या दुसऱ्यांदा केल्या होत्या. नेली ॲशवर्थ पहिल्या रांगेत, मधोमध. ग्रिमशॉ तिच्या मागे, कडेला, जिथून सगळ्यांवर नजर राहील अशा जागी.

सुरुवातीला एक माणूस येऊन प्रेक्षकांना गरम करतो. दोन विनोद सांगतो, सासूचं काहीतरी बोलतो, टाळ्या वाजवून घेतो. तो आला आणि बेकपकडे बघून त्याला घाम फुटला. माणसं ताठ बसली होती, हात मांडीवर, तोंडं मिटलेली. बाहेर येऊन तो सिरिलला म्हणाला, “कुणी गेलंय का यांच्यात?”

लाल दिवा लागला. ‘शांतता’ अशी अक्षरं उजळली आणि सिरिल ऑर्मरॉड होऊन सेटवर आला.

गोष्ट साधी होती. नव्या तलावाच्या उद्घाटनाला महापौर येतात, त्यांच्या डोक्यावर पोहायची टोपी नाही, आणि ऑर्मरॉड त्यांना आत सोडत नाही. लंडनच्या लेखकाने ऑर्मरॉडला ओरडायला लावलं होतं. सिरिल ओरडला. शिट्ट्या फुंकल्या. महापौरावर डाफरला. तो लांब चेहरा लाल केला, डोळे वटारले, गाठीला असलेलं सगळं वापरलं. समोर चिडीचूप. एक खाकरणं नाही, कागदाची चुरचुर नाही. विनोद पडला की लोक हसत नाहीत, हे सिरिलने पाहिलं होतं, पण इथे तर कुणी श्वासही घेईना. सिरिलने उगाच आणखी एकदा शिट्टी फुंकली. त्याच्या डोळ्यांपुढे ते गेट आलं, ती शेगडी आली. वर काचेच्या खोलीत फेन कपाळाला हात लावून बसलेला त्याला दिसला.

निम्मा भाग संपला तेव्हा दिवे जरा मंद झाले. फेन खाली आला. सिरिलला त्याने काहीही दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागलं. “चहा घ्या,” तो म्हणाला. “मग उरलेलं उरकू.”

उरकू. अठ्ठावीस वर्षं त्याने नाकातोंडात पाणी घेतलं होतं ते काय उरकण्यासाठी? सिरिल चहाकडे न जाता सरळ प्रेक्षकांकडे गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बहुधा माफी मागायला. समोर नेली बसली होती. तोंडात रुमालाचा बोळा, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, खांदे गदगदत होते. सिरिलला वाटलं, माझं हे असं झालेलं बघून ही माउली रडतेय.

तो वाकून म्हणाला, “मावशी, रडू नका. इतकं काही नाही. गेटावर नोकरी आहे मला.”

नेलीने बोळा बाहेर काढला, दम घेतला. “रडतंय कोण, मेल्या? हसू दाबतेय मी. पोटात कळा यायला लागल्या.”

“काय करताय?”

“हसू दाबतेय. सगळेच दाबताहेत. तो बघ आपला खाटीक टॉम, स्वतःचा टाय चावतोय. तू पाव्हण्यासारखा काय बघतोस? वर लिहिलंय ना, शांतता. ग्रिमशॉने बसमध्ये उभं राहून सांगितलंय, आपल्या सिरिलची टेप होणार आहे, खोकायचं नाही, वेफर्स खायचे नाहीत आणि हसायचं तर मुळीच नाही. मला तर नाव घेऊन सांगितलं. म्हणाला, नेली, तुझं हसणं एकदा टेपवर गेलं की सगळ्या देशाला ऐकू जाईल आणि सिरिलची लाज जाईल.”

सिरिलने रांगांकडे नीट बघितलं. आता त्याला दिसलं. कुणाचे कान लाल, कुणाच्या हातात हातमोजे पिळून दोरी झालेले, पोस्टमनच्या बायकोने नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला होता की नवऱ्याचा चेहरा वेगळ्याच कारणाने वाकडा झाला होता. ही माणसं त्याच्यासाठी गुदमरत होती. ज्या क्लबात तीस वर्षांत एकाही गायकासाठी पॅटिस थांबले नव्हते, त्या क्लबाने त्याच्यासाठी हसू रोखून धरलं होतं. सिरिलला एकदम इतकं बरं वाटलं की त्याला नेलीचा रुमाल मागून घ्यावासा वाटला.

ग्रिमशॉंच्या डोक्यात या सगळ्याचा सरळ अर्थ होता. क्लबात कलावंताला मान द्यायचा म्हणजे आवाज बंद. तीस वर्षं त्यांनी एवढंच केलं होतं, आणि ते मनापासून केलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, त्याला तेही काय करणार?

सिरिल त्यांच्याजवळ गेला. “मिस्टर ग्रिमशॉ, इथे हसायचं असतं. हसू ऐकायलाच ते माईक टांगलेत.”

ग्रिमशॉंनी वर माईककडे बघितलं, मग लाल अक्षरांकडे बघितलं, मग सिरिलकडे. “मग वर शांतता का लिहिलंय?”

“ते दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे.”

“असं होय,” ग्रिमशॉ म्हणाले. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. चूक झाली तर चुकीची दुरुस्तीही अधिकृतच व्हायला हवी.

तोवर फेनला कळलं होतं. त्याला हसावं की डोकं आपटावं ते समजेना. वेळ थोडा होता. कामगार संघटनेच्या नियमाप्रमाणे दहाला दिवे बंद म्हणजे बंद, मग राजा का असेना. एकदा, फक्त एकदा, सगळा भाग पहिल्यापासून घेता येईल, तो म्हणाला. “पण लोकांनी विनोद ऐकलेत.”

नेलीनेही तेच सांगितलं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. “पोरा, मी तुझ्यासाठी जीव देईन, पण एकदा दाबलेलं हसू परत येत नाही बघ. विझलं ते. आता तू तेच म्हणशील तर मी काय, खोटं खोटं हसू? मला नाही जमत. आपल्याकडे कुणाला जमतं?”

खरं होतं. फर्माइशीवर हसणं ही लंडनची कला. आमची माणसं खोटं हसण्यापेक्षा पैसे परत मागतील. शिळ्या कढीला ऊत आणायचा कसा, या विचारात सिरिल उभा होता, आणि एवढ्यात हर्बर्ट ग्रिमशॉ पुढे आले. त्यांनी प्रेक्षकांना गरम करणाऱ्या त्या माणसाच्या हातातला माईक अलगद काढून घेतला. माईकवर फुंकर मारली. बोटाने टकटक केलं. चष्म्याच्या वरून एक नजर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरवली. मोकळ्या हाताने पँट कमरेवर जराशी वर ओढली. आणि मग दुखावलेल्या, मऊ, अगदी सभ्य आवाजात ते बोलू लागले.

“मंडळी, जरा इकडे लक्ष. मघाशी बसमध्ये जी सूचना दिली होती ती आता रद्द समजावी. हसायला परवानगी आहे. मात्र बेताने. कुणाला वाटेल की ग्रिमशॉ उगाच अडवतो. नियम मी केले नाहीत, मंडळी. मी नुसता सांभाळतो.”

ते जाऊन जागेवर बसले. कुणी हसलं नाही. ही सूचनाही सूचनाच होती. पण सिरिल होता तिथेच थिजला. हा माणूस त्याने जन्मभर बघितला होता आणि आजपर्यंत त्याला तो दिसलाच नव्हता. लंडनच्या लेखकाने ऑर्मरॉडला ओरडायला लावलं होतं, कारण लंडनच्या लेखकाला वाटतं अधिकारी ओरडतो. आमचा अधिकारी ओरडत नाही. तो तुमच्यासाठी झिजतो, तुमच्या भल्यासाठी तुम्हाला अडवतो, आणि तुम्ही ऐकलं नाहीत तर त्याला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तर त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

“फेनसाहेब,” सिरिल म्हणाला, “घ्या परत. शब्द तेच ठेवतो.”

“मग बदल काय?”

“माणूस.”

लाल दिवा लागला. ऑर्मरॉड सेटवर आला, पण धावत नाही, सावकाश. महापौर दारात उभे. ऑर्मरॉडने शिट्टी हातात घेतली, फुंकली नाही. तिच्यावर बारीक फुंकर मारली. बोटाने टकटक केलं. महापौरांच्या टोपी नसलेल्या टकलावरून चष्म्याच्या वरची ती नजर फिरवली. पँट कमरेवर जराशी वर ओढली.

पहिल्या रांगेतून एक आवाज आला. सपातांच्या सगळ्या मशिनी एकदम चालू व्हाव्यात तसा.

आणि मग फुटलं. आधी पहिली रांग, मग दुसरी, मग आपण कशाला हसतोय ते अजून पुरतं न कळलेली मागची माणसंसुद्धा. सिरिल अजून एक शब्द बोलला नव्हता. तो थांबला. हसू कमी होऊ दिलं, आणि अगदी संपायच्या आत, दुखावलेल्या, सभ्य आवाजात महापौरांना म्हणाला, “साहेब, टोपी.” पोस्टमन खुर्चीवरून घसरला. टॉमने टाय सोडून दिला. मघाशी ज्यावर श्वास रोखले होते तेच विनोद, तेच शब्द, पण आता ते शनिवारी रात्री क्लबात तीस वर्षं ऐकलेल्या आवाजात येत होते, आणि तीस वर्षं ‘मंडळी, जरा शांतता’ म्हटल्यावर गप्प बसलेली माणसं एकदाच सगळं वसूल करत होती. एक कॅमेरावाला कॅमेऱ्याच्या मागे दातांत बोट धरून उभा होता. मँचेस्टरच्या त्या पोराने ग्रिमशॉंना आज पहिल्यांदा पाहिलं होतं, पण असा एक त्याच्याही घराशेजारी असणारच.

शेवटी महापौर संतापून म्हणतात, हा मूर्खपणाचा नियम कुणी केला? इथे लेखकाने ऑर्मरॉडला तीन ओळी ओरडायला दिल्या होत्या. सिरिलने त्या गिळल्या. दिलेला शब्द मोडला, पण एवढा एकदाच. त्याने महापौरांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि म्हणाला, “नियम मी केले नाहीत, साहेब. मी नुसता सांभाळतो.”

पुढे सगळ्या देशात हे वाक्य गेलं. बस कंडक्टर ते म्हणायचे, शाळेतले मास्तर म्हणायचे, बायका नवऱ्यांना म्हणायच्या. रस्त्यात सिरिल दिसला की लोक त्याला पँट वर ओढून दाखवायचे, आणि ओला सिरिल कोण होता हे विचारायला बेकपच्या म्हाताऱ्यांकडेच जावं लागायचं. पण त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा ऐकणारी माणसं आमची होती. दिवे बंद झाले तरी ती हसत होती. सिरिल अंधारात सेटवर उभा राहून ऐकत होता. त्याला आनंद झाला होता, नुसता आनंद, लहान पोराला होतो तसा.

फेनने त्याला मोटारीने घरी सोडायची तयारी दाखवली. सिरिल म्हणाला, “नको, मी बसने जातो.” आत चढला तर पहिल्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे, हर्बर्ट ग्रिमशॉ एकटे बसले होते. त्यांनी शेजारच्या जागेवर दोनदा हात आपटला. सिरिल तिथे बसला. मागे सगळी बस एकदम गप्प झाली. या खेपेला कुणी सांगितलेलं नव्हतं.

“तो तलावावरचा माणूस,” ग्रिमशॉ खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तो कोण?”

खोटं बोलता आलं असतं. “तुम्ही, मिस्टर ग्रिमशॉ,” सिरिल म्हणाला.

ग्रिमशॉंनी बस शहराबाहेर पडू दिली. मग म्हणाले, “पँट मी डाव्या हाताने वर घेतो. उजव्यात माईक असतो. तू उजव्याने घेतलीस.”

“चुकलं माझं.”

“पुढच्या भागात सुधार.”

“पुढचा भाग होतोय की नाही, देव जाणे. वरचे लोक ठरवणार.”

ग्रिमशॉ आता त्याच्याकडे वळले. “अरे, तीस वर्षं मी माणसं आवरतोय. गायक आले, जादूगार आले, कुस्तीवाले आले. एकदाही मला ही मंडळी आवरली नाहीत असं झालं नाही. आज पहिल्यांदा झालं. मी तीनदा उठून शांतता म्हणालो. कुणी बघितलंदेखील नाही माझ्याकडे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांनी खटपटही केली नाही. “आता वरच्यांना ठरवू दे काय ठरवायचं ते.”

मागून नेली ओरडली, “ग्रिमशॉ, पोराला पुढे कोंडून ठेवू नकोस. इकडे पाठव, आम्हाला अजून हसायचंय.”

सिरिल उठून मागे गेला. म्युरियल खिडकीशी बसली होती, मांडीवर पर्स, नेहमीसारखी सरळ. तो शेजारी बसला. तिच्या गालांवर काजळ ओघळून वाळलेलं होतं. इतक्या वर्षांत त्याने ते तिथे कधी बघितलं नव्हतं.

“हिशोब चुकला वाटतं,” तो म्हणाला.

“गप्प बस,” म्युरियल म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

पुढचे दिवस सिरिलने घरात येरझारा घालण्यात घालवले. सोमवार जवळ येत होता आणि कारखान्याच्या मॅनेजरला उत्तर द्यायचं होतं. मँचेस्टरहून काही नाही. शनिवारी तो म्हणाला, “मला वाटतं, मी सोमवारी गेटावर हो सांगून टाकतो. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला?” म्युरियलने बटाटे सोलता सोलता नुसतं हुं केलं.

सोमवारी सकाळी सिरिल कोट चढवत असताना दाराजवळचा फोन वाजला. म्युरियलने उचलला. पलीकडे फेन होता, आणि तो इतक्या मोठ्याने बोलत होता की सिरिलला कोटाच्या एका बाहीत हात घालून उभ्याउभ्या सगळं ऐकू आलं. वरिष्ठांनी टेप ऐकली. परत लावायला सांगितली. मग त्यांच्यातल्या एकाने पहिल्या रांगेत कोण बाई होती असं विचारलं. मालिका होणार, आणि पडद्यावर पहिलं नाव सिरिल हॅस्लमचं.

“मिसेस हॅस्लम, बातमी पक्की आहे,” फेन म्हणाला. “आधी कळवायला हवं होतं, तुम्ही काळजीत असाल.”

“छे हो,” म्युरियल म्हणाली. “कारखान्यात मी गुरुवारी सकाळीच सांगून आलेय, गेटावर दुसरा माणूस बघा म्हणून.”